आठ दिवसांच्या बोलीवर आलेला डीजे प्लेयर

मी डीजे प्लेयर बोलतोय. झालं, ठेवलात ना कानांवर हात? ठाऊक होतं मला. डीजे म्हटलं की लोकांना ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत दिसते आणि म्हातारी माणसं छातीला हात लावतात. अहो, ती भिंत वेगळी आणि मी वेगळा! मला तर स्वतःचा आवाजच नाही. पेन ड्राइव्हमधलं गाणं वाचायचं, हव्या त्या जागेवरून सुरू करायचं, हवं तर हळू, हवं तर जलद करायचं आणि वायरीतून पुढं सोडून द्यायचं, एवढंच माझं काम. पुढं स्पीकर लहान लावलात तर मी घरातल्या घरात गोड वाजतो. मोठा लावलात तर शिव्या मात्र मला बसतात.

दिसायला मी बरा आहे. माझी तारीफ मीच करतो, दुसरं कोण करणार? काळा रंग, मधोमध ताटलीएवढी फिरती चकती, उजवीकडं गाण्याचा वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली दोन गोल बटणं आणि वरती छोटा पडदा. पडद्यावर एक ओरखडा आहे. आता या वयात एवढं चालायचंच.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही, कारण जन्मलो आणि लगेच खोक्यात गेलो. डोळे उघडले ते थेट सोलापुरात, माउली नावाच्या मंडपवाल्याकडं. आम्ही दोघं भाऊ होतो. एकाचं गाणं संपत आलं की दुसऱ्याचं सुरू, मध्ये खंड म्हणून पडायचा नाही. काय ते दिवस! एकाच लग्नात मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी अशी चारही भाषांतली गाणी वाजवायची आणि चारही भाषांतली माणसं नाचवायची, हे सोलापूरच्याच प्लेयरनं करावं. पुढं एका वरातीत भावाच्या अंगावर कुणीतरी सरबताचा अख्खा ग्लास सांडला आणि तो गेला. माउलीनं नवा लॅपटॉप घेतला आणि मला शरणप्पांच्या जुन्या सामानाच्या दुकानात आणून ठेवलं.

शरणप्पा माणूस देवासारखा. पण त्यांच्या फळीवर बसून मी गिऱ्हाइकं अशी काही पाहिली की सांगता सोय नाही. कोणी मला हलवून बघायचं. कोणी वजन करून म्हणायचं, “जड हाय, म्हंजी चांगला असणार.” कशाला हवाय, कुठं वाजवायचाय, घरात जोडायला काय आहे, हे कोणी मनाशी ठरवून यायचंच नाही.

मग व्हायचं तेच झालं. पहिल्यांदा मला एका कॉलेजकुमारानं नेलं आणि चार दिवसांत परत आणलं, का तर लाईट कमी लागतात. दुसऱ्यांदा एका चहाच्या हॉटेलवाल्यानं नेलं, त्याला मी रिमोटवर चालायला हवा होतो. तिसऱ्यांदा एका शाळेचे सर गॅदरिंगसाठी घेऊन गेले आणि माझ्या पाठीत माईक खुपसायला जागा शोधत बसले. जागा नाही म्हटल्यावर म्हणाले, “फसवणूक आहे ही!”

तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा शरणप्पांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि उसासा टाकला. “बाबा रे, लई माया हाय तुझ्यावर. पर आता परत आलास की तुला उघडणार बघ. चकती एकाला, बटणं एकाला, सुटं सुटं इकून टाकणार.”

आता जो कोणी नेईल त्याच्याकडं टिकलो तर जगलो, नाहीतर खेळ खलास.

अशात एका रविवारी दिपाली आली. वळसंगची पोरगी, सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कामाला. रोज एसटीनं जा-ये करायची आणि त्या प्रवासात मोबाईलवर गाण्याला गाणं जोडायला शिकायची. वर्षभर तिनं हेच केलं होतं. पुढच्या रविवारी तिच्या वहिनीचं, पूनमचं, घरीच डोहाळजेवण होतं. तिथं बायकांना आपण नाचवायचं, तेही खरी चकती हाताखाली धरून, असं तिच्या मनानं घेतलं होतं. गावातल्या वरातीत पोरं नाचतात आणि बायका कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवतात. आपल्या घरात तरी बायकांना मधोमध नाचू दे, असं तिला वाटत होतं.

काय सांगू तिनं मला कसं बघितलं! स्वतःचा पेन ड्राइव्ह आणला होता, हेडफोन आणला होता. सरकपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेली, मध्ये कुठं अडखळते का ते पाहिलं. बटण वीस वेळा दाबलं. चकती उलटी फिरवली, सुलटी फिरवली, गाणं सोबत येतं की मागं रेंगाळतं ते ऐकलं. लाईट किती आहेत ते विचारलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की कोणीतरी मला नीट विचारतंय.

“काका, नवीन जोडी घ्यायची माझी ऐपत न्हाय,” ती सरळ म्हणाली. “घरात भावाचा स्पीकर हाय. भजनाला लावतो त्यो. हा एकच घेतला तर भागंल का?”

“भागंल की,” शरणप्पा म्हणाले. “एकीकडं हा, दुसरीकडं तुझा मोबाईल, मधी हा बारका मिक्सर. दोन्हींची गाणी मिक्सरमधी येतात, तितनं स्पीकरात जातात. माईक लावायचा तर त्योबी ह्यातच लागतो. घरापुरतं लई झालं.” त्यांनी एका कापडी पिशवीत मिक्सर घातला आणि वर लाल-पांढऱ्या वायरींची वेटोळी ठेवली.

सगळं ठरलं होतं. पण दिपालीच्या बरोबर तिचे वडील होते ना! हरिबा त्यांचं नाव. शेरडं-मेंढरं राखणारा, चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात मुरलेला माणूस. जनावर असो की यंत्र, माझ्याबिगर सौदा करायचा नाही, असा त्यांचा घरात हुकूम होता.

“पोरी, तू जा, वडापच्या जीपमधी जागा धर,” ते म्हणाले. “बोलणी मी बघतो.”

ती गेली. हरिबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, शरणप्पांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली! मी तर बघतच राहिलो. बाजारात बैलाचा भाव असा ठरतो म्हणे, तोंडानं आकडा काढायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबायची. शरणप्पाही खेड्यातलेच. गालात हसले आणि त्यांनीही बोटं दाबली. थोडी ओढाताण झाली, दोघांच्या भुवया वर-खाली झाल्या आणि सौदा जमला.

“आन् आठ दिसाची बोली,” हरिबा म्हणाले. “औताला चालला तर ठेवीन, न्हाय तर परत.”

“आठव्या दिवशी मी सवता येतो की वळसंगला, तुमचा शब्द ऐकाय,” शरणप्पा म्हणाले आणि त्यांनी पिशवी हरिबांच्या हातात दिली.

हरिबांनी आत डोकावलं, वायरी पाहिल्या आणि पिशवी चटकन फळीवर परत ठेवली. “हे नगं.”

“अहो पाहुणं, न्ह्या की!”

“छ्या छ्या! इकणाऱ्याचं दावं नेत न्हाईत. तुमची लक्ष्मी कशाला नेऊ मी? दावं आमी आमचं लावतो. घरी वायरी लई पडल्यात.”

जनावर विकलं की विकणारा त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, सोडून घेतो, नाहीतर दाव्यासोबत घरची लक्ष्मी जाते म्हणे; घेणारा स्वतःचं नवं लावून नेतो. हरिबांना माझ्या वायरी म्हणजे माझं दावं वाटलं! खरं सांगायचं तर मला गहिवरूनच आलं. दुकानदाराच्या लक्ष्मीची काळजी करणारं गिऱ्हाईक मी कधी पाहिलं नव्हतं. पण अहो, मिक्सर त्याच पिशवीत! शरणप्पा “अहो, आत मिक्सर...” म्हणेपर्यंत हरिबा मला घोंगड्यात गुंडाळून रस्त्यापलीकडं पोचलेसुद्धा. शरणप्पा पिशवी घेऊन पायरीवर धावत आले, तेवढ्यात जीप निघाली. दिपालीनं मला मांडीवर घेतलं होतं आणि ती इतकी खुशीत होती की पिशवी वर कॅरियरला टाकली असेल असं धरून चालली.

वळसंगला माझं स्वागत काय झालं म्हणून सांगू! दिपालीच्या आईनं, राजाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या अंगावर भंडारा उधळला. सगळी हळद माझ्या सरकपट्टीच्या फटीत. मग माझ्या अगदी नाकासमोर नारळ फोडला. भावाची आठवण होऊन माझा जीव वरखाली झाला, पण पाणी पलीकडं उडालं. अख्खी गल्ली अंगणात जमली होती. भजनी मंडळाचे गुरुलिंग तर खुर्ची टाकून पुढंच बसले होते, कारण मंडळाला नवा स्पीकर घ्यायचा होता आणि दुकान कसं आहे ते त्यांना बघायचं होतं.

“लाव की गं, दिपे!” कोणीतरी ओरडलं.

दिपालीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. “आप्पा, पिशवी कुटाय?”

“कसली पिशवी?”

“वायरींची. त्यातच मिक्सर व्हता. त्याच्याबिगर ह्यो वाजणारच न्हाय.”

मी हरिबांच्या तोंडाकडं बघत होतो. आधी त्यांना काहीच कळलं नाही, मग सगळं एकदम कळलं. चाळीस वर्षांत ज्याला बाजारात कोणी फसवलं नाही, त्यानं स्वतःच्या हातानं अर्धं जनावर दुकानात सोडलं होतं. गल्लीतली पन्नास डोकी त्यांच्याकडं बघत होती. हरिबांनी घसा खाकरला.

“दिलीच न्हाय त्यानं,” ते म्हणाले.

अहो, दिली होती की! माझ्या डोळ्यांदेखत दिली होती! पण मी मुका. अंगणात मी एकटा खरं जाणणारा आणि मलाच वायर नाही. मी आतल्या आत इतका तडफडलो, पण माझा साधा दिवासुद्धा लागला नाही.

“शहरातली दुकानदारं असलीच,” राजाबाई म्हणाल्या. “गरिबाला बघून अर्धा माल मागं ठिवत्यात.” गुरुलिंग खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “मग नगं बाबा त्या दुकानात. मंडळाचा स्पीकर दुसरीकडनं घिऊ.” हरिबा खाली मान घालून शेरडांना पाणी पाजायला गेले.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर दिपाली दुकानात गेली. तिथं काय झालं ते मला मिक्सरनं सांगितलं, तो पिशवीत बसून सगळं ऐकत होता. ती रागानं लाल झाली होती. “काका, तुमी पिशवी दिलीच न्हाय! गावात आमचं हसं झालं.”

शरणप्पा बोलायला गेले आणि थांबले. “तुझे वडील काय म्हणाले?”

“दिलीच न्हाय म्हणाले.”

शरणप्पांनी फळीकडं हात नेला. मग त्यांनी पिशवी काढून तिच्या हातात ठेवली. “व्हय बाई, ऱ्हायली बघ फळीवर. माझंच चुकलं. वय झालं आता. वडिलांना सांग, माफ करा म्हणावं.”

मिक्सर मला म्हणाला, “मी बोलणारच होतो, पण मलाही वायर नव्हती.” असा आमचा दोघांचा कारभार.

दिपालीनं हा निरोप घरी सगळ्यांसमोर सांगितला. हरिबांच्या हातातला घास हातातच राहिला. “माफ करा म्हणाला?” त्यांनी विचारलं. “व्हय की. लई ओशाळलं व्हतं बिचारं,” दिपाली म्हणाली. हरिबा ताटावरून उठले आणि हात धुऊन बाहेर जाऊन बसले.

त्याच रात्री मी वाजलो. अहाहा! किती महिन्यांनी माझ्यातून गाणं वाहिलं! शेरडं दावणीला उभी राहून कान टवकारून ऐकू लागली, एक करडू तर उंबऱ्यावरच येऊन बसलं. पूनमवहिनी पोटावर हात ठेवून हसत म्हणाली, “दिपाताई, आतलं बी उड्या मारतंय!” दिपालीनं दोन गाण्यांचा वेग मिळवून एकातनं दुसऱ्यात अशी उडी मारली की डोलणाऱ्याच्या पायाला ठेचसुद्धा लागली नाही. मोबाईल आणि मी, जोडी विजोड होती खरी, पण तिच्या हातात जमत होती.

सगळं घर खूश. एकटे हरिबा सोडून. मी सुरू झालो की ते उठून जायचे. बुधवारी त्यांनी सांगून टाकलं, “आठ दिस झाले की हे परत करायचं.”

“परत? का?” दिपालीचा आवाज चढला. “काय खोड काढली त्याच्यात?”

“खोड न्हाय.”

“मोठा आवाज व्हतो? कमी करते. लाईटबिल येतं? मी भरते.”

“तसं न्हाय गं. मला नगं, म्हंजी नगं.”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्यावर टॉवेल घातला आणि त्यावर हात ठेवून किती तरी वेळ बसली. तिला वाटलं, मुलीच्या जातीनं डीजे वाजवावा हे वडिलांना पटत नाही. तसं काही नव्हतं हो! त्यांना माझं गाणं आवडत होतं, बाहेर जाऊन बसले तरी त्यांचा पाय हलताना मी चोरून पाहिला होता. पण मी वाजलो की त्यांना शरणप्पांची माफी ऐकू यायची. ज्यानं आपली अब्रू झाकली त्याचंच नाव आपल्यामुळं गावात खराब झालं, हे त्यांना गिळवत नव्हतं आणि थुंकवतही नव्हतं. मी डोळ्यांआड झालो तर हे दुखणंही जाईल, असा त्यांचा हिशेब. आणि मी परत गेलो की काय, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. एका न बोललेल्या वाक्यापायी पोरीची हौस जाणार होती आणि माझा जीव.

“रविवारी वहिनीच्या डोहाळजेवणाला तेवढं वाजवू द्या,” दिपाली शेवटी म्हणाली. “मग न्ह्या.” हरिबांनी मान हलवली.

रविवार उजाडला. अंगणात मांडव, मांडवात हिरव्या साडीतली पूनमवहिनी, अंगावर फुलांचे दागिने. घरात शेंगापोळी आणि हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, घमघमाट. पूनमची आई अक्कम्मा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावाहून आली होती, मराठी तिला अर्धंमुर्धंच कळायचं. ओटी भरून झाली, वाटीखालून वहिनीनं पेढा काढला की बर्फी यावरून बायकांत भांडण झालं आणि मग दिपालीनं माझ्या बटणावर बोट ठेवलं.

मी जीव तोडून वाजलो बघा. मरायचंच आहे तर वाजून मरू, असं ठरवलं होतं. मराठी गाण्यावर दोघी उठल्या, मग दहा उठल्या. त्याच ठेक्यावर दिपालीनं मोबाईलमधलं कानडी गाणं अलगद आत सोडलं आणि अक्कम्मा “यव्वा!” करून ओरडली, गुडघे विसरली आणि पदर खोचून मधोमध आली. “चलो ऐतव्वा, चलो ऐत!”, म्हणजे छान आहे गं, छान आहे, असं म्हणत ती गरागरा फिरली. सून, सासू, नणंदा, शेजारणी, सगळ्या मांडवाच्या मधोमध आणि गडीमाणसं कडेला उभी राहून टाळ्या वाजवतायत. दिपालीनं मनात धरलेलं झालं होतं. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते, कारण तिला ठाऊक होतं, मी उद्या नाही.

एवढ्यात दारात शरणप्पा आले. हातात नारळ, आठव्या दिवसाचा शब्द ऐकायला. दिपालीनं माझा आवाज कमी केला.

“या या, पिशवीवाले!” गुरुलिंग मोठ्यानं म्हणाले. मांडव खदखदून हसला. “आज काय मागं ठिवून आलाव? नारळातलं खोबरं?”

शरणप्पाही हसले. “काय करणार, वय झालं. इसरतो माणूस.” नारळ त्यांनी राजाबाईंकडं दिला. राजाबाईंनी तो घेतला, पण तोंड वाकडं करूनच.

हरिबा पाण्याची कळशी घेऊन पंगतीकडं निघाले होते. ते थांबले. कळशी खाली ठेवली आणि तरातरा माझ्याकडं आले. घोंगड्यातून उतरवल्यापासून पहिल्यांदा ते माझ्या इतक्या जवळ आले होते. मला वाटलं, आता उचलतात.

“दिपे, त्यो भजनाचा माईक चालू कर.”

तिनं गोंधळून माईक दिला. हरिबांनी तो दोन्ही हातांनी धरला, काठी धरावी तसा.

“मला हितं बोलायची सवं न्हाय,” ते म्हणाले आणि स्वतःचा आवाज स्पीकरातून ऐकून दचकले. “पर ऐका सगळी. शरणप्पांनी पिशवी दिली व्हती. ह्या हातात दिली व्हती. मी परत दिली. मला वाटलं, दावं हाय. इकणाऱ्याचं दावं न्हेत न्हाईत, म्हणून ठिवून आलो. घरी आलो तर कळलं, निम्मं यंत्र त्यातच. तुमी समदी बघत व्हता. मला लाज वाटली आन् मी खोटं बोललो. ह्या माणसाला माझं खोटं ठावं व्हतं. तरी माझ्या लेकीपुढं त्यानं मला पाडलं न्हाय. सवता पडला. गुरुलिंग, पिशवीवाला त्यो न्हाय. पिशवीवाला मी हाय.”

मांडवातल्या सगळ्या माना शरणप्पांकडं वळल्या.

अक्कम्मानं लेकीचा हात ओढला, काय झालं म्हणून. पूनमनं तिला कानडीत सांगितलं. म्हातारीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा हरिबांकडं पाहिलं आणि ती अशी हसत सुटली, अशी हसत सुटली, की तिला खाली बसवावं लागलं. यंत्राचं दावं! मग राजाबाईंना हसू फुटलं, मग गुरुलिंगांना, मग सगळा मांडव पोट धरून लोळायला लागला. शरणप्पा पुढं आले आणि त्यांनी हरिबांना मिठीच मारली. “पाहुणं, माझ्या लक्ष्मीची काळजी करणारं गिऱ्हाईक पुन्हा कुटं मिळायचं? मी तुमचं नाव कसं घालवीन?” हरिबांनी तिथंच टॉवेलानं डोळे पुसले.

राजाबाई आत गेल्या आणि शेंगापोळीचं ताट घेऊन आल्या. “बसा दादा,” त्या शरणप्पांना म्हणाल्या. “लई बोलले मी तुमाला. तूप जास्त घालते.” गुरुलिंगांनी त्यांच्या शेजारीच पाट ओढला आणि मंडळाच्या स्पीकरचं बोलणं काढलं.

दिपाली मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. “म्हंजी माझ्या वाजवण्याचं न्हाय तुमाला काही?”

“तुझ्या वाजवण्याचं काय असंल गं? शेरडं बी खुळी झाल्यात.”

“आन् मी चार दिस रडले!” ती ओरडली. हसत होती की रडत होती, मला कळेना. “आप्पा, दंड! नाचायचं.”

“आता ह्या वयात?”

“अक्कम्मा नाचली. नाचायचं!”

आणि मग माझा निकाल लागला. शरणप्पांनी विचारलं, “काय मग पाहुणं? आठवा दिस हाय. शब्द काय?” हरिबांनी तोंडानं काही सांगितलंच नाही. त्यांनी आपलं जाडजूड बोट पुढं केलं, गोल बटणावर ठेवलं आणि स्वतः मला सुरू केलं. मग टॉवेल हवेत फिरवत ते बायकांच्या घोळक्यात शिरले. मी असा वाजलो की मंगळवेढ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. बरं बरं, एवढं नाही, पण होटगीपर्यंत नक्की.

त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून वळसंगलाच आहे, दिपालीच्या खोलीत, लाकडी पेटीवर. सरकपट्टीच्या फटीतला भंडारा निघता निघत नाही, पण तिनं जुन्या ब्रशानं साफ करून मला मऊ चालतं ठेवलंय. पूनमवहिनीला मुलगी झाली. दुपारी ती रडायला लागली की माझा वेग कमी करून तिला गाणं लावतात, आणि ती झोपते. डीजे लावून बाळ झोपवणारं घर दुसरीकडं दाखवा मला! दिपालीला आता आसपासच्या गावांतून डोहाळजेवणाची आणि बारशाची बोलावणी येतात. जोडीला दुसरा प्लेयर बघायला ती परवाच शरणप्पांकडं जाऊन आली.

तुम्हीही घरासाठी माझ्यासारखा कोणी बघत असाल, तर एवढं ऐका. चकचकाट बघू नका, वजन करू नका. तुम्हाला काय वाजवायचंय ते आधी मनाशी ठरवा, घरात जोडायला काय आहे ते बघा, आणि बटणं स्वतःच्या बोटांनी दाबून पाहा. जुना असला तरी चालेल, त्याला हात लावा, तो लगेच सांगतो. वायरी मोजून घ्या. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर हरिबांसारखं आठ दिवस कुढत बसू नका, त्याच दिवशी सांगून मोकळे व्हा. माणसं हसतात, आणि हसून झालं की जेवायला वाढतात.

हरिबांचं म्हणाल तर आता उलटंच झालंय. घरात कोणी पाहुणा आला की चहा उकळायच्या आत ते दाव्याची गोष्ट सुरू करतात. कोणाला सांगायची राहिलेली नाही. ऐकून ऐकून राजाबाई वैतागल्यात, पण त्यांचं सुरूच. गोष्ट संपली की पाहुण्याला माझ्यापुढं आणून उभं करतात आणि म्हणतात, “बघा, ह्योच त्यो,” आणि माझं बटण दाबतात. आताही बाहेर चपला वाजल्या, मंगळवेढ्याचे कोणीतरी आलेत. पडवीत बोलणं दाव्यापर्यंत पोचलंय. येतो मी, आता ते बटण दाबायला येतील.